साडेआठच्या आत

ब्रसेल्समध्ये संध्याकाळचे पाच वाजले की युरोपियन आयोगाचं अर्ज भरायचं पोर्टल बंद होतं. उन्हाळ्यात दिल्लीत तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. त्यानंतर ओळख, चिठ्ठी, विनंतीपत्र काही चालत नाही. सरकारी मुदती शेवटच्या दिवशी पंधरा दिवसांनी वाढतात अशी सवय झालेल्या माणसाला हे सुरुवातीला उर्मटपणाचं वाटतं.

दक्षिण दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेच्या प्रकल्प कक्षात असा एक अर्ज घडताना मला जवळून पाहायला मिळाला. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि बॉक्स फायलींनी फुगलेली कपाटं. तो सांभाळतात मूळच्या अमरावतीच्या एक ताई. शिक्षण बी.कॉम., दिल्लीत येऊन जमाना झाला. विज्ञान आपल्याला कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात. पण कुठल्या शास्त्रज्ञाच्या कुठल्या प्रकल्पात किती पैसे पडून आहेत, हे त्या फाइल न उघडता सांगतात.

युरोपीय संघाच्या ज्या तिजोरीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात तिचं नाव होरायझन युरोप. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुमारे ९३.५ अब्ज युरो. मोठ्या प्रकल्पांची अट अशी, की किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था हव्यात. हे देश युरोपीय संघाचे सदस्य किंवा सहयोगी असावेत आणि त्यातला निदान एक सदस्य असावा. न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण कोरिया हे लांबचे देशही काही प्रमाणात सहयोगी झाले. भारत त्या यादीत नाही. भारतीय संस्थेला सहभागी होता येतं, पण पैसे बहुधा स्वतःचे आणायचे. पंगतीत या, ताटवाटी घरून आणा.

पूर्वी असं नव्हतं. युरोपीय संघाशी विज्ञान-तंत्रज्ञानाचा करार २००१मध्ये दिल्लीत झाला, आणि होरायझनआधीच्या, २०१३पर्यंत चाललेल्या सातव्या चौकट कार्यक्रमात भारतीय भागीदारांना आपोआप निधी मिळत असे. २०१४पासून तो थांबला. तेव्हापासून दोन्हीकडच्या सरकारांनी आपापल्या माणसांचा खर्च उचलायचा, अशी समन्वित पद्धत रुळली. दिल्लीकरांना तिचं फळ नाक दाबून का होईना पाहता येण्यासारखं आहे: बारापुल्ला नाल्याचं सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग ज्या 'पवित्र गंगा' प्रकल्पात झाले, त्यात एका बाजूला युरोपीय संघाचा पैसा होता आणि दुसऱ्या बाजूला आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाचा. बेल्जियमची व्हिटो आणि दिल्लीची टेरी या त्यातल्या प्रमुख संस्था. मे २०२५मध्ये समुद्रातलं प्लास्टिक आणि कचऱ्यापासून हायड्रोजन, या दोन विषयांवर पुन्हा अशीच संयुक्त आवाहनं निघाली.

मी पाहिलेला अर्जही कचऱ्याशीच संबंधित होता. गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर रोज डोळ्यांसमोर असलेल्या शहरात विषय शोधायला लांब जावं लागत नाही. पण खोलीत दिवसचे दिवस चर्चा चालली ती कचऱ्याची नव्हे, एका तक्त्याची. त्या तक्त्याला सगळे 'पीएम' म्हणतात, म्हणजे माणूस-महिने. कोण किती महिने काम करणार, ते प्रत्येक कामाच्या गठ्ठ्यापुढे लिहायचं. समन्वयक युरोपातल्या विद्यापीठातला. त्याने दिल्लीच्या प्राध्यापकांच्या नावापुढचं शून्य पाहून विचारलं, तुमचे मुख्य संशोधक काहीच काम करणार नाहीत का? इथे ताईंना तासभर समजावावं लागलं. आपल्याकडे कायम नोकरीतल्या प्राध्यापकाचा पगार प्रकल्पातून काढत नाहीत. तो संस्था देते. तिकडे तो बिनदिक्कत खर्चात धरतात, शिवाय थेट खर्चावर सरसकट २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च मिळतो. शेवटी महिने लिहिले आणि रकमेच्या रकान्यात शून्य ठेवलं. "काम दाखवा, पैसा दाखवू नका," ताई म्हणाल्या. सर हसले, पण रकाना भरला तसाच.

आपल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. तोच तक्ता युरोमध्ये मांडला की दिल्लीचा मुलगा इतका स्वस्त दिसतो, की तिकडून शंका येते: आकडा महिन्याचा चुकून वर्षाच्या रकान्यात पडला की काय?

मग पानांची काटछाट. मुख्य आराखड्याला पानांची मर्यादा असते, आणि ती ओलांडली तर परीक्षकांना जादा पानं दिसतच नाहीत. यंत्रणा ती परस्पर झाकून टाकते. मजकुराचं अक्षर अकरा पॉइंटच्या खाली नेता येत नाही. तक्त्यात थोडं लहान चालतं, म्हणून सगळ्यांचा कल परिच्छेद उचलून तक्त्यात कोंबण्याकडे. तेही नियमात बसत नाही. एका विद्यार्थ्याने गाझीपूरचा पूर्वेतिहास दीड पानात लिहिला होता. फार सुरेख लिहिला होता. त्याच्या चार ओळी उरल्या. गुणवत्ता, परिणाम आणि अंमलबजावणी, प्रत्येकाला पाचपैकी गुण. प्रत्येकी किमान तीन आणि एकूण दहा हवेत. पण दहावर कुणी निवडलं जात नाही, चुरस बहुतेकदा तेराच्या वर असते.

अर्ज पाठवण्याचा अधिकार फक्त समन्वयकाला. वेळ संपेपर्यंत तो पुन्हा पुन्हा पाठवता येतो, शेवटचा ग्राह्य. जाणते लोक आदल्या दिवशीच एक प्रत चढवून ठेवतात. दिल्लीच्या खोलीतली खरी धावपळ आपल्या मंत्रालयाकडे जाणाऱ्या जोडअर्जाची होती. संचालकांची सही असलेलं संमतीपत्र हवं, त्यावर शिक्का हवा, आणि संचालक मीटिंगला गेलेले. सही मिळाली तर स्कॅन केलेली फाइल पोर्टलच्या मर्यादेपेक्षा मोठी निघाली. मग ती लहान केली, तेव्हा शिक्क्यावरची अक्षरं वाचता येईनात. पुन्हा स्कॅन. सरांनी तीन वर्षं केलेल्या प्रयोगांचं भवितव्य त्या घडीला एका गोल जांभळ्या डागावर अडलं होतं, आणि खोलीत कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

पैसा मंजूर झाला तरी सुटका नाही. युरोपात निकाल पाच महिन्यांत आणि करार आठ महिन्यांच्या आत, असं वेळापत्रक असतं. आपल्याकडे हप्ता येतो, मार्च येतो, जीएफआर १२-अ नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं, शिल्लक आणि व्याज यांचा हिशेब लागतो, आणि ते होईपर्यंत पुढचा हप्ता हलत नाही. दोन्हीकडची दोन वेळापत्रकं जुळवणं हेच ताईंचं वर्षभराचं काम. शोधनिबंधाच्या आभाराच्या परिच्छेदात त्यांचं नाव मला सापडलं नाही.

दिल्लीच्या आसपास यापेक्षा आटोपशीर खिडक्याही आहेत. इंडिया हॅबिटॅट सेंटरमध्ये १९८७ साली स्थापन झालेलं सेफिप्रा हे भारत-फ्रान्स केंद्र आहे. गुरुग्रामचं भारत-जर्मनी केंद्र दोन्ही देशांतली एकेक संशोधन संस्था आणि एकेक उद्योग, अशा चौघांच्या जोडणीला पैसे देतं. जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅकची 'बिग' योजना नव्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत देते. महाराष्ट्रातल्या किती महाविद्यालयांत या नावांची नुसती चर्चा तरी होते?

आयर्लंडकडे पाहा. लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे पुणे जिल्ह्याहून कमी. तिथे एंटरप्राइज आयर्लंडच्या समन्वयाखाली विषयवार संपर्क अधिकारी आहेत. ते मसुदे वाचून दुरुस्त करतात. भागीदार शोधायच्या प्रवासाला आणि प्रस्ताव लिहायलाही मदत मिळते. होरायझन युरोपच्या आधीच्या होरायझन २०२० कार्यक्रमातून त्या देशाने शंभर कोटी युरोंच्या वर रक्कम मिळवली. त्यांचे शास्त्रज्ञ आपल्यापेक्षा हुशार आहेत म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. तिथे ताईंसारखं काम करणारी माणसं पदावर नेमलेली असतात.

रफी मार्गावरच्या सीएसआयआरमध्ये १९९५ ते २००६ या काळात महासंचालक रघुनाथ माशेलकरांनी पेटंटचा धोशा लावला, आणि प्रयोगशाळांना तो विषय गंभीरपणे घ्यावा लागला. आपल्या विद्यापीठांना तसाच धोशा आता प्रकल्प कक्षासाठी लावायला हवा. कुलगुरूंना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे: आवाहन निघण्याची वाट पाहू नका. युरोपीय पोर्टलवर संस्थेचा नऊ अंकी ओळखक्रमांक आजच घ्या, आणि आधीच घेतला असेल तर तपासा. एकाच संस्थेचे तीन प्राध्यापकांनी काढलेले तीन क्रमांक असू शकतात. खासगी संस्था असाल तर एफसीआरएची नोंदणी पाहा. परदेशी अनुदानाचं खातं गोंदियाच्या संस्थेलाही दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. आणि इंग्रजी, हिशेब व माणसं या तिन्हींशी नीट वागणारी एक व्यक्ती पूर्ण पगारावर नेमा.