परकायाप्रवेश : कऱ्हाकाठची जुनी आवृत्ती

'ऑल्टर्ड कार्बन'मध्ये माणसाची जाणीव मानेत बसवलेल्या चकतीत साठते. शरीर म्हणजे नुसती 'स्लीव्ह', अंगरख्याची बाही. चकती काढायची, दुसऱ्या देहात बसवायची. रिचर्ड मॉर्गन यांच्या २००२ च्या कादंबरीवरची ही मालिका नेटफ्लिक्सवर २०१८ साली आली. नायक ताकेशी कोवाच पहिल्या सीझनला जोएल किनामन, दुसऱ्याला अँथनी मॅकी. नट बदलला तरी खुलासा करायला नको, निर्मात्यांची केवढी सोय!

बारामती-इंदापुरात कीर्तनं ऐकत वाढलेल्याला याचं नवल कमीच. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठच्या बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) महाभारत आर्यांमध्ये मराठीत आणलं. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात विदुराचा शेवट आहे. हाडांचा सापळा उरलेला, धुळीने माखलेला विदुर रानात झाडाला टेकून उभा. पाठोपाठ धावत आलेल्या युधिष्ठिराच्या नजरेला नजर लावून तो आपले प्राण, इंद्रियं, तेज त्याच्यात ओततो. देह तसाच झाडाला टेकलेला, डोळे उघडे. युधिष्ठिराला एकदम अंगात बळ आल्यासारखं वाटतं. तो दहनाची तयारी करू लागतो, तर अदृश्य वाणी त्याला अडवते. यंत्र नाही, चकती नाही, नुसती नजर.

'नवनाथ भक्तिसारा'त मच्छिंद्रनाथ मृत त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात. मालिकेतला धनाढ्य बँक्रॉफ्ट दर ४८ तासांनी जाणिवेची प्रत उपग्रहावर चढवतो. मच्छिंद्रनाथांचा मूळ देह राखायला मात्र शिष्य गोरक्षनाथच.