पुन्हां वळणारें पाऊल आणि कंडरांचें स्थलांतर

किहीमच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली म्हणजे ओल्या वाळूंत मुलांच्या पावलांचे ठसे स्पष्ट उमटतात. जन्मतः वांकडें असलेलें पाऊल उपचारानें सरळ होऊन पुन्हां आंत वळूं लागलें, तर त्याच्या ठशाची करंगळीकडची कड खोल आणि अंगठ्याची खूण पुसट दिसते. एका बाजूनें झिजलेली चप्पलही हीच गोष्ट सांगते.

हजार जन्मांत सुमारें एका मुलास हें व्यंग असतें. अमेरिकेंत आयोवा येथें डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनीं १९४८ च्या सुमारास सुरू केलेली पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. दर आठवड्यास पाऊल हळुवार वळवून प्लास्टर घालावयाचें, बहुधा टांचेची कंडरा लहानशा छेदानें सैल करावयाची, आणि पुढें दांडीनें जोडलेले बूट वापरावयाचे : पहिले तीन महिने जवळजवळ अखंड, मग मूल चारपांच वर्षांचें होईपर्यंत झोपेंत. मूल रडतें, आजीला दया येते आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल पुन्हां वळण्याचें सर्वांत मोठें कारण हेंच होय. परंतु बूट नियमानें वापरूनही कांहीं पावलें वळतात, तेव्हां प्रत्येक वेळीं आईला बोल लावणें अन्यायाचें आहे.

नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर उचलतो. त्याची कंडरा पावलाच्या आंतल्या कडेस, अंगठ्याच्या बाजूला चिकटलेली असते. बाहेरच्या बाजूचे स्नायू दुबळे असले म्हणजे हा एकटाच ओढतो आणि चवडा आंत फिरवितो. बादलीच्या एकाच कडेस दोर बांधून ती विहिरींतून ओढली तर ती कलंडणारच! दोर मध्यावर आणणें, हाच शस्त्रक्रियेचा हेतु.

अमेरिकन शल्यवैद्य गार्सो यांनीं १९४० मध्यें ही कंडरा पावलाच्या बाहेरच्या बाजूस नेण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. पण दोर फार बाहेर नेला तर पाऊल उलट बाजूस कलण्याची भीति असते. म्हणून पॉन्सेटींच्या पद्धतींत संपूर्ण कंडरा पावलाच्या मध्याजवळील तिसऱ्या पाचराकृति हाडांत भोंक पाडून बसवितात. दुसऱ्या प्रकारांत कंडरा उभी चिरून अर्धी जागच्या जागीं ठेवितात आणि अर्धी बाहेर नेतात. मेंदूच्या विकारामुळें ताठरलेल्या पायांत ही रीत विशेष रुळली. मात्र दोन टोकांचा ताण जुळविणें नाजूक काम आहे. साध्या पुनरावृत्तींत संपूर्ण स्थलांतरच अधिक सरळ वाटतें.

तिसरा प्रकार निराळा. पोटरीच्या आंत खोलवर असलेल्या स्नायूची कंडरा पायाच्या दोन हाडांमधील पडद्यांतून पुढें आणून पावलाच्या पाठीवर बसवितात. कुष्ठरोगानें लोंबणाऱ्या पावलावर हा उपाय भारतांत पुष्कळ झाला आहे. वांकड्या पावलांत पुढचा स्नायू लुळा किंवा फार अशक्त असेल तेव्हांच तो विचारांत घ्यावा. एरवीं पावलाच्या कमानीचा आधार विनाकारण जातो.

स्थलांतरानें ताठरलेलें पाऊल सरळ होत नाहीं, हें आईबापांनीं नीट समजून घ्यावें. सरळ झालेलें पाऊल सरळ राखण्यापुरतीच तिची शक्ति. म्हणून आधीं दोनतीन प्लास्टरांनीं पाऊल मऊ करून घेतात. टांच खालीं येत नसेल तर तीही सैल करितात. मुलाचें वय साधारणतः अडीच-तीन वर्षांच्या पुढें असावें लागतें, कारण ज्या हाडांत कंडरा रोंवावयाची तें क्ष-किरणांत पुरेसें घट्ट दिसलें पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर सुमारें सहा आठवडे प्लास्टर असतें. त्यानंतर बहुधा बुटांची गरज उरत नाहीं.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत या व्यंगाचा समावेश असून त्याखालीं उपचार विनामूल्य होतात. किहीमकरांस अलिबागचें जिल्हा रुग्णालय जवळ; मुंबईस परळ येथें १९२९ मध्यें स्थापन झालेलें वाडिया बालरुग्णालय आहे. पावसाळ्यांत मांडव्याहून गेटवेस जाणाऱ्या लहान बोटी बंद असतात आणि प्लास्टर भिजलें कीं मऊ पडतें. तेव्हां घाई नसल्यास दिवाळीनंतरची तारीख मागून घेणें सोयीचें.