घासायला राखलेले पाच मिलिमीटर

पुण्यात फरासखाना हे नाव आज पोलिस ठाण्याचं म्हणून कानावर पडतं. पेशवाईत फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, गालिचे आणि बिछायती सांभाळणारं खातं. फर्श म्हणजे अंथरलेलं. ते अंथरणारा तो फरास, आणि पायाखाली कायमची अंथरली गेली ती फरशी. मुंबईकर तिलाच लादी म्हणतो.

फरास हे पद पेशवाईबरोबर बुडालं नाही. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत ते होतं, स्वतंत्र भारताच्या सरकारी दफ्तरांतही राहिलं. झाडलोट, सतरंज्या झटकणं, खुर्च्या-मेजं जागच्या जागी लावणं हे फरासाचं काम. 2008 साली सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशी मंजूर झाल्या आणि केंद्र सरकारात शिपाई, दफ्तरी, जमादार, फरास, सफाईवाला, माळी ही सारी पदं ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ या एका नावाखाली आली. त्याच सुमारास खासगी कचेऱ्यांत ‘हाउसकीपिंग’चं कंत्राट रुळलेलं होतं. जमिनीची निगा हे एका माणसाचं, एका इमारतीशी बांधलेलं काम होतं; ते दर वर्षी निविदेत नव्याने ठरणारं काम झालं. मुंबईतल्या मोठ्या इमारतींच्या जमिनींचं दीडशे वर्षांत काय झालं हे पाहताना हा बदल नजरेआड करून चालत नाही.

सुरुवात करायची ती विलायती लादीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत सार्वजनिक इमारती झपाट्याने उठल्या. भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 साली खुलं झालं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस 1878 ते 1888 या दहा वर्षांत उभं राहिलं. अशा इमारतींसाठी नक्षीदार लाद्या इंग्लंडहून जहाजाने येत. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याचं नाव त्यांत इतकं गाजलं की मुंबईत जुनी नक्षीदार लादी दिसली की लोक तिला सरसकट मिंटनच म्हणतात.

या लादीतली नक्षी वरून रंगवलेली नसते. ओल्या मातीत साच्याने खाचा पाडायच्या, खाचांत वेगळ्या रंगाची पातळ माती ओतायची, वाळल्यावर वरचा थर खरवडून सपाट करायचा आणि मग भाजायचं. खाचेच्या खोलीइतकी झीज होईपर्यंत फूल फूलच राहतं. सॅम्युअल राइट यांनी 1830 मध्ये या कृतीचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटन यांनी ती नावारूपाला आणली.

पण खाचेलाही तळ असतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत 1856 पासून मिंटन लाद्या बसवल्या गेल्या. वरच्या मजल्यांवर त्यांनी बरा काळ काढला. खालच्या, सर्वाधिक वर्दळीच्या मार्गिकांत मात्र त्या विसाव्या शतकात झिजून गेल्या. बदलायच्या तर तशा बनवणारं कुणी उरलं नव्हतं, कारण मागणी आटली तशी ती कृतीच हातांतून गेली होती. अखेर 1980च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्याच एच अँड आर जॉन्सन कंपनीने ती पुन्हा साधली आणि नव्या लाद्या अमेरिकेला गेल्या. लादीच्या झिजेहून कारागिरीची झीज भरून काढणं किती कठीण, ते या मार्गिकांनी दाखवलं.

मुंबईने मध्यंतरी स्वतःचा रस्ता शोधला होता. पोरबंदरला 1914 साली पोर्टलंड सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि भट्टीशिवाय लादी बनवण्याला या भूमीत पाया मिळाला. 1922 साली फेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी काढली. पहिला कारखाना उरणला. कराचीचे जमशेद मेहता यांनी त्यांना सांगितलं होतं की राजकीय स्वातंत्र्याइतकीच आर्थिक स्वातंत्र्याचीही गरज आहे. विलायतेहून येणाऱ्या लादीला स्वदेशी लादीने उत्तर द्यायचं, हा त्या धंद्यामागचा हेतू होता.

सिमेंटच्या लादीची कृती आजही जवळजवळ तीच आहे. लोखंडी चौकटीत धातूची नक्षीदार जाळी बसवायची. जाळीच्या एकेका कप्प्यात एकेका रंगाचं पातळ सिमेंट हाताने ओतायचं. जाळी अलगद उचलायची; इथे हात हलला तर रंग एकमेकांत मिसळतात आणि लादी वाया जाते. वर कोरड्या सिमेंट-रेतीचा थर देऊन ती दाबयंत्राखाली घालायची, मग पाण्यात मुरवायची. भाजणं नाही. ताकद येते ती दाबातून आणि पाण्यातून. इराण्यांच्या हॉटेलांत, पेढ्यांत, दवाखान्यांत, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि बंगल्यांच्या ओसऱ्यांत या लाद्या पोहोचल्या. शंभर वर्षं पावलं पडूनही त्यांतल्या कित्येक अजून वापरात आहेत. त्या नाजूक नाहीत. त्यांना घाई मानवत नाही, एवढंच.

त्यानंतर आलं मोझेक, आणि या मागोव्यात सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथे. रंगीत किंवा पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराच्या खड्या मिसळायच्या. कारागीर त्यांना चिप्स म्हणतात. मकराण्याची पांढरी, भैसलान्याची काळी, जैसलमेरची पिवळी, बडोद्याची हिरवी. हे मिश्रण जागेवर ओतायचं असेल तर मध्ये काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे आकसताना तडे वेडेवाकडे न जाता पट्टीलगत राहतात. नाहीतर कारखान्यात दाबून केलेल्या लाद्या आणायच्या. 1930च्या दशकापासून आर्ट डेको सिनेमागृहं, विमा कंपन्या आणि बँका यांनी ही जमीन आपलीशी केली. स्वातंत्र्यानंतर शाळा, दवाखाने, महाविद्यालयं, जिल्हा कचेऱ्या यांची ती नेहमीची जमीन झाली. मोझेक लादीसाठी 1237 क्रमांकाचं भारतीय मानक 1959 साली पहिल्यांदा निघालं.

त्या मानकातली एक गोष्ट मोलाची आहे. लादी दोन थरांची. खालचा थर साध्या सिमेंट-काँक्रीटचा, वरचा चिप्सचा; आणि हा वरचा थर, चिप्सच्या आकारानुसार, साधारण पाच-सहा मिलिमीटरचा. त्यालाच झिजेचा थर म्हणतात. लादी बनवतानाच तिच्या अंगावर घासायला माया ठेवली जाते, जसा शिंपी वाढत्या अंगाच्या मुलाच्या कपड्याला शिवणीत कापड राखतो. एका पॉलिशला मिलिमीटरचा अंश जातो. पाच मिलिमीटर म्हणजे नीट सांभाळलं तर दोन पिढ्यांची चमक.

ते घासणं म्हणजे लादी पॉलिश. लाद्या बसल्यावर सात दिवस पाणी मारायचं. मग यंत्राला जाडा दगड लावायचा, साधारण साठ नंबरचा. पाणी सोडत घासलं की राखी राड वर येते. ती धुतली की बारीक भोकं उघडी पडतात. त्यांत त्याच रंगाचं सिमेंट चोळून भरायचं आणि ते पुन्हा मुरू द्यायचं. मग एकशेवीसचा दगड. शेवटी तीनशेवीसचा. कडेला, भिंतीलगत, जिन्याच्या पायऱ्यांवर यंत्र पोहोचत नाही. तिथे माणूस उकिडवा बसून हाताने घासतो. सर्वांत शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, चौरस मीटरला तेहतीस ग्रॅम, पाण्याबरोबर शिंपडून नमद्याने घोटायची. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून, कोरड्याने झळकवायची. हे आकडे सरकारी बांधकामाच्या नियमपुस्तकांत आहेत, आणि ते कधी न वाचलेल्या मिस्त्रीच्या हातातही असतात.

याच ॲसिड शब्दाने पुढे घात केला. पूड घोटून देणारं सौम्य ऑक्झॅलिक वेगळं आणि संडास धुण्याचं हायड्रोक्लोरिक वेगळं. पण कंत्राटी सफाईत ‘डाग गेला पाहिजे’ एवढाच हुकूम राहिला आणि बाटली कुठलीही चालू लागली. संगमरवर, कोटा, शहाबाद हे सारे चुन्याच्या जातीचे दगड. सिमेंटही आम्लाला टिकत नाही. आम्ल पडलं की फेस येतो, बघणाऱ्याला वाटतं मळ निघाला. निघालेली असते ती लादीच. पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यात धूळ आणखी घट्ट बसते, ती काढायला आणखी ॲसिड येतं. असंख्य जिन्यांचं आणि लॉबींचं पॉलिश पावलांनी गेलं त्याहून जास्त या बाटलीने गेलं, हे स्पष्ट सांगायला हवं.

पावलांचंही गणित आहेच. झिजवते ती चपलेला चिकटून आलेली वाळू. वाळूतल्या गारेचा कठीणपणा मोह्सच्या मोजमापात सात, संगमरवराचा तीनच्या आसपास. म्हणून जमिनीची पहिली राखण दारातच होते: पुरेसं लांब पायपुसणं, आणि ओल्या पोछ्याच्या आधी कोरडा झाडू. वाळू न काढता ओलं फडकं फिरवणं म्हणजे जमिनीवर घासकागद फिरवणंच. जुने फरास हे जाणून होते.

गालिचा मुंबईच्या कचेऱ्यांत पसरला तो वातानुकूलनाबरोबर. नरिमन पॉइंटच्या भरावावर 1970च्या दशकात उंच इमारती आल्या. एअर इंडियाची इमारत 1974ची. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा हे साहेबी केबिनचं लक्षण ठरलं. गालिच्याची सफाई ही इतरत्र केव्हाच यंत्राची झाली होती. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी 1901 साली हवा ओढून धूळ काढणारं यंत्र बनवलं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं करून त्याच्या नळ्या खिडक्यांतून आत नेत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

मुंबईत अडचण धुळीइतकीच ओलीचीही होती. जुलैत हवा दमट, रात्री एसी बंद. शाम्पू केलेला गालिचा आतून वाळतच नाही. तळाच्या ज्यूटला बुरशी धरते आणि सोमवारी सकाळी केबिन उघडली की कुबट वास येतो. सोफ्याखुर्च्यांचंही तेच. काथ्या आणि कापडाच्या गाद्या ओल धरत, सिनेमागृहांत ढेकूण होत. म्हणून पुसता येणारं रेक्झिन आलं. ते पुसलं गेलं खरं, पण घामाने कडक होऊन शिवणीवर फाटलं. गालिच्यावर खरा तोडगा निघाला तो चौकोनी तुकड्यांचा. रे अँडरसन यांनी 1973 साली अमेरिकेत इंटरफेस कंपनी काढून असे तुकडे कचेऱ्यांत रुजवले. चहा सांडला तर तेवढा चौकोन उचलायचा, धुवायचा, नाहीतर कोपऱ्यातल्याशी अदलाबदल करायची. झिजेसाठी आधीच सोय ठेवण्याची मोझेकची अक्कल गालिच्याने अशी वेगळ्या वाटेने मिळवली.

आपल्याकडे मात्र पुढे मोझेकच मागे पडलं. 1990च्या दशकात ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल आली, मोरबीचे कारखाने वाढले. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. डाग धरत नाही, पॉलिश लागत नाही, एका रात्रीत बसते. वापरणाऱ्यांचं काही चुकलं नाही. पण वर चकाकीचा थर दिलेल्या टाइलला घासायला माया नसते. थर गेला की टाइल गेली, आणि पाच वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळेलच असं नाही. एक फुटली तरी पूर्ण मजला बदलण्याची वेळ येते. याहून वाईट म्हणजे अनेक जुन्या इमारतींत नवी टाइल थेट जुन्या लादीवर चिकटवली गेली. तोडफोड वाचली, उंबरे आखूड झाले आणि खालची नक्षी दिसेनाशी झाली.

ती पुन्हा उघडी करण्याचा काळ या शतकात आला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जतनकाम 2003 साली सुरू झालं, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली. 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 साली इमारत लोकांना पुन्हा खुली झाली. 2018 साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. हाताने ओतलेली सिमेंट लादी पुन्हा मागवली जाऊ लागली आणि जुन्या जाळ्यांना काम मिळालं.

बँकेच्या किंवा पेढीच्या मोझेकचं काम आज निघालं तर ते सुट्टी बघूनच घ्यावं लागतं. जमीन अर्धी-अर्धी करायची, मध्ये दोरी लावायची. आधी साध्या साबणपाण्याने मेणाचे आणि तेलाचे जुने थर काढायचे, मग हिऱ्याचे पॅड जाड्याकडून बारकाकडे एकेक बदलत न्यायचे. पाणी कायम सोडलेलं हवं. कोरडं घासलं तर उडणारी दगडाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते, आणि कामाच्या अंदाजपत्रकात मास्कचा खर्च आधी मांडलेला असायला हवा.

खरी कसोटी लागते ती भोक बुजवताना. कुणीतरी काउंटर हलवलेला असतो, त्याच्या खिळ्यांच्या जागी सिमेंटचे राखी ठिपके असतात. जुन्या चिप्सची जात ओळखायची, चाळून त्याच आकाराच्या घ्यायच्या, पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग चिमटीचिमटीने वाढवत चार-पाच वड्या थापायच्या. ओला नमुना नेहमी गडद दिसतो, म्हणून त्या वड्या मुरवून, वाळवून, घासून झाल्याशिवाय मिस्त्री त्यांतली एकही पसंत करत नाही. मग तो त्या रांगेने जुन्या लादीवर मांडतो आणि दुपारच्या उजेडात एकदा, ट्यूबलाइटमध्ये एकदा पाहतो.