आग विझल्यानंतरची दुसरी हानी

चोरी झालेल्या घरात भिंती शाबूत राहतात. पुराचे पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेली का होईना, भांडीकुंडी हाती लागतात. आग मात्र ओळखीची खूणही मागे ठेवत नाही. अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यावर आलेल्या कुटुंबाला शेजारीपाजारी धीर देतात, ‘निदान जीव तरी वाचला’ असे म्हणतात. ते खरेच असते. पण घर जळालेल्या माणसाच्या मनात या वाक्यानंतरही काहीतरी सलत राहते आणि ते बोलून दाखवण्याची त्याला लाज वाटते. दागिने, फर्निचर, टीव्ही यांची किंमत सांगता येते. आईच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींच्या वहीची किंमत कोणत्या रकान्यात भरायची?

ही हानी नेमकी कशाची असते आणि माणूस तिच्यातून कसा सावरतो, हे समजून घेण्यासाठी एका विख्यात लेखकाच्या आयुष्यातील एक संध्याकाळ उपयोगी पडते. १२ मे १९६१ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात, हॉलिवूडच्या टेकड्यांवर सुक्या झुडपांना वणवा लागला आणि वाऱ्याबरोबर तो वस्तीत शिरला. त्यात ज्यांची घरे भस्मसात झाली, त्यांत ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे लेखक ऑल्डस हक्सली हे होते. त्यांचे वय तेव्हा ६६ वर्षांचे होते.

हक्सली यांची दृष्टी किशोरवयातील आजाराने कायमची अधू झाली होती. काही काळ तर ते जवळजवळ अंध होते आणि ब्रेल लिपी शिकून वाचत होते. अशा माणसाने आयुष्यभर डोळ्यांना ताण देऊन वाचलेली, समासात टिपणे केलेली पुस्तके त्या घरात होती. जुन्या मित्रांची पत्रे होती, हस्तलिखिते होती आणि १९५५ साली निधन पावलेल्या पहिल्या पत्नी मारिया यांचे कागदपत्र होते. हे सारे काही तासांत नाहीसे झाले. हाती लागले ते एवढेच : नव्या कादंबरीचे हस्तलिखित, दुसऱ्या पत्नी लॉरा यांचे व्हायोलिन आणि थोडे कपडे. लॉरा यांनी पुढे १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींवरून असे दिसते की, हाताशी थोडा वेळ होता. परंतु काय उचलावे हेच सुचेना. डोळ्यांसमोर संकट येऊन ठेपले असता बुद्धी अशी गोठून जाणे हा कोणाचा दोष नव्हे. आगीतून बाहेर पडलेली कितीतरी माणसे ‘मी ते कपाट का उघडले नाही’ या प्रश्नाने पुढे वर्षानुवर्षे स्वतःला छळत असतात. त्यांनी हक्सली दांपत्याची ही हकिकत आठवावी.

या प्रसंगाचे वृत्त देताना एका अमेरिकी साप्ताहिकाने असे छापले की, हक्सली रडत रडत जळत्या घरात शिरू पाहत होते आणि जवानांना त्यांना आवरावे लागले. हक्सली यांनी संपादकांना पत्र लिहून हे साफ नाकारले. दुःख झालेच नव्हते असा त्याचा अर्थ नाही. आपण आता मालमत्ता नसलेला आणि भूतकाळही नसलेला माणूस झालो आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या त्या काळातील पत्रव्यवहारात आढळतात. शोक होता; पण तो छायाचित्रात मावणारा नव्हता.

‘भूतकाळ नसलेला माणूस’ ही केवळ लेखकाची अतिशयोक्ती नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच असे मांडले होते की, माणसाचा ‘स्व’ त्याच्या शरीरापाशी संपत नाही. ज्या ज्या गोष्टीला तो ‘माझे’ म्हणतो, त्या सर्वांपर्यंत तो पसरलेला असतो. म्हणून जवळची वस्तू गेली की केवळ गैरसोय होत नाही, तर आपणच आक्रसून गेल्यासारखे वाटते. रसेल बेल्क यांनी १९८८ साली हाच विचार ‘विस्तारित स्व’ या संकल्पनेतून पुढे नेला. त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ सोपा आहे. आजोबांची काठी, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो, लग्नातला शालू या वस्तू म्हणजे आठवणींच्या खुंट्या असतात. खुंटी गेली की आठवण लगेच जात नाही. पण ती कशाला अडकवून ठेवावी हे कळेनासे होते. त्यामुळे एरवी खंबीर असणारा माणूस मोठ्या नुकसानीबद्दल शांतपणे बोलतो आणि एखाद्या फुटक्या कपाच्या आठवणीने ढसाढसा रडतो.

पण आगीत आणखी एक गोष्ट जळते आणि तिचा पंचनामा कोणीच करत नाही. ती म्हणजे विश्वास.

शहरातले घर चार भिंतींवर उभे नसते. वीजवाहिन्या, गॅसची जोडणी, पाण्याचा दाब, लिफ्ट, धोक्याची सूचना देणारा भ्रमणध्वनी, विमा कंपनी, परवाने आणि प्रमाणपत्रे अशा कितीतरी अदृश्य दोऱ्यांनी ते तोललेले असते. सर्व सुरळीत असते तोवर या दोऱ्यांची जाणीवही होत नाही. आग लागते तेव्हा त्या एकाच वेळी ताणल्या जातात आणि त्यांतली कोणती कच्ची होती हे त्या क्षणी कळते.

हक्सली यांचे घर ज्या शहरात जळाले, त्याच लॉस एंजेलिसच्या परिसराने हा अनुभव ७ जानेवारी २०२५ रोजी फार मोठ्या प्रमाणावर घेतला. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांत १६ हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली आणि किमान ३१ जणांचे प्राण गेले. पॅसिफिक पॅलिसेड्सच्या उंचावरील भागात आग विझवताना रस्त्यावरील नळखांबांचे पाणी आटले. कारण समजण्याजोगे होते. शहराचे जलवाहिन्यांचे जाळे एखाददुसऱ्या इमारतीची आग विझवता यावी अशा हिशेबाने आखलेले असते. हजारो घरे एकदम पेटतील, असा हिशेब त्यात नसतो. वरच्या टाक्यांतून पाणी जितक्या वेगाने उपसले जात होते, तितक्या वेगाने ते चढवता येत नव्हते. त्यातच सुमारे ४४ कोटी लिटर क्षमतेचा तेथील एक जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता. तिकडे ईटन वणव्याच्या तडाख्यात सापडलेल्या अल्टाडीनाच्या पश्चिम भागात घरे सोडण्याची सूचना इतक्या उशिरा पोचली की, तोवर ज्वाळा दारात आल्या होत्या. यांतील प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र स्पष्टीकरण देता येते. घर गमावलेल्या माणसाला मात्र स्पष्टीकरणांची ही लांबलचक साखळीच असह्य होते. कारण तिच्या शेवटी बोट दाखवावे असा कोणीच उभा नसतो.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ साली ‘नॉर्मल अॅक्सिडेंट्स’ या ग्रंथात या कोड्याची उकल केली. १९७९ साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात झालेला अपघात हा त्यांच्या विचाराचा आरंभबिंदू होता. ज्या व्यवस्थेचे अनेक भाग एकमेकांत अनपेक्षित रीतीने गुंतलेले असतात आणि शिवाय इतके घट्ट जोडलेले असतात की, एकातला बिघाड दुसऱ्यापर्यंत पोचण्याआधी थांबायला उसंतच मिळत नाही, अशा व्यवस्थेत अपघात हा अपवाद नसून तिच्या रचनेचाच भाग असतो, असे त्यांचे म्हणणे होते. सुरक्षेसाठी आणखी एक उपकरण बसवले, तर तेही या गुंत्यात भर घालते. तेव्हा आगीनंतर ‘या यंत्रांवर आता भरवसा नाही’ असे जो म्हणतो, तो अडाणी ठरत नाही. अनुभवाने त्याला तेच शिकवलेले असते, जे पेरो यांनी अभ्यासाने मांडले.

त्यापुढचा व्याप तर निराळाच असतो. आगीचा अहवाल, पंचनामा, विम्याचा दावा, नव्याने काढायची ओळखपत्रे, आणि ओळखपत्र मिळवण्यासाठी पुन्हा दुसरे ओळखपत्र! विमा कंपनीला जळालेल्या वस्तूंची यादी हवी असते. वस्तू, खरेदीचे वर्ष आणि किंमत अशी. ती यादी करताना माणूस मनाने प्रत्येक खोलीत पुन्हा शिरतो, प्रत्येक कपाट पुन्हा उघडतो आणि प्रत्येक वस्तू दुसऱ्यांदा गमावतो. म्हणून हे काम एकट्याने, एका बैठकीत उरकू नये. घरातल्या दोघातिघांनी मिळून, थोडे थोडे करावे आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या आठवणी बोलू द्याव्यात. यादी लांबली तरी चालते. दुःख कोंडून ठेवलेले चालत नाही.

हा अविश्वास बाळगून जगायचे कसे, या प्रश्नाचे हक्सली यांनी दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे, कारण आधुनिकतेविषयी त्यांच्या मनात शंका होती ती आगीच्या कितीतरी आधीपासून. १९२५-२६ मध्ये ते भारतात आले, काँग्रेसचे कानपूर अधिवेशनही त्यांनी पाहिले. परंतु त्या वेळच्या प्रवासवर्णनात भारतीय अध्यात्माविषयी उपरोधच अधिक होता. पुढे त्यांचे मत पालटत गेले. १९४६ सालच्या ‘सायन्स, लिबर्टी अँड पीस’ या पुस्तिकेत त्यांनी विज्ञानामुळे सत्ता मूठभरांच्या हाती एकवटते असा इशारा दिला, विकेंद्रित उत्पादनाची बाजू घेतली आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचाही विचार केला. १९५८ साली ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चा फेरविचार करताना त्यांनी अतिलोकसंख्येच्या जोडीला ‘अतिसंघटन’ हा स्वातंत्र्याचा शत्रू ठरवला. यंत्रणा जितकी अवाढव्य, तितका तिच्यातला माणूस लहान, हे त्या विवेचनाचे सार होते.

अशा विचारवंताचे घर जळाल्यावर त्याने जगाकडे पाठ फिरवली असती, तरी कोणाला नवल वाटले नसते. तसे झाले नाही. त्यांनी काही आठवड्यांतच वाचलेले हस्तलिखित पूर्ण केले. त्याच वर्षाच्या अखेरीस रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीनिमित्त ते दिल्लीलाही येऊन गेले. १९६२ साली ‘आयलंड’ या नावाने ती कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील काल्पनिक बेटावरचे लोक यंत्रांना शिव्या देत नाहीत. वीज ते वापरतात, शास्त्र शिकतात. अवजड उद्योग आणि शस्त्रास्त्रे मात्र नाकारतात. तंत्रज्ञान माणसाच्या मापाने बेतायचे, माणसाला तंत्रज्ञानाच्या मापाने कापायचे नाही, हा त्यांचा नियम. बेटावरच्या मैना लोकांना सतत भानावर राहण्याची आठवण करून देत असतात. अविश्वासाचे हे विवेकात झालेले रूपांतर होते.

कॅलिफोर्नियातच ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या आगीत २५ जणांचे बळी गेले. लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचे घर आणि लिहीत आणलेल्या कादंबरीचे हस्तलिखित त्यात जळाले. वडिलांच्या अंत्यविधीनंतरच्या एका विधीहून त्या परतत होत्या. त्यांनी एकटीने तेच पुस्तक पुन्हा लिहून काढले नाही. युद्धातून परतलेल्या सैनिकांना सोबत घेऊन त्यांनी लेखनवर्ग चालवले आणि २००३ साली एक वेगळेच पुस्तक सिद्ध केले. गेलेली वस्तू परत आणण्याचा हट्ट सोडून माणसांचे नवे जाळे विणणे, हाही सावरण्याचा एक मार्ग आहे.

मुंबई-पुण्यातल्या वाचकाला या साऱ्यातून घेण्यासारखे बरेच आहे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते. प्रमाणपत्र आवश्यकच आहे; पण कागद पाणी फवारत नाही. २२ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत ताडदेवच्या एका २० मजली निवासी इमारतीत आग लागली, तेव्हा तेथील अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असे समोर आले. तेव्हा सोसायटीच्या सभेत केवळ प्रमाणपत्राची प्रत न मागता पंप एकदा चालवून दाखवा, असे म्हणणे हा अविश्वास नव्हे. तो सभासदाचा हक्क आहे.

बाकीचे उपाय त्याहून साधे आहेत. जिन्यातल्या चपलांचे रॅक आणि सायकली हलवणे, दाराजवळ कागदपत्रांची एकच पिशवी ठेवणे, त्या कागदांची आणि जुन्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे व एक संगणकीय साठ्यात ठेवणे, शेजारच्या घरात आधाराशिवाय उतरू न शकणारे कोणी आहे का हे ठाऊक असणे. यांत गुंतागुंतीच्या यंत्रणेचा त्याग नाही. तिच्या जोडीला ती बंद पडली तरी चालेल अशी एक साधी वाट उघडी ठेवणे आहे.

घर पुन्हा उभे राहते. कधी विम्याच्या पैशांतून, कधी कर्जातून, बहुतेकदा आप्तेष्टांच्या मदतीतून. विश्वास मात्र पूर्वीसारखा आंधळा राहत नाही आणि तो तसा राहूही नये. आगीत पोळलेल्या घरातले लोक रात्री झोपण्यापूर्वी गॅसची कळ दोनदा पाहतात. त्यांना कोणी हसू नये. जे घर त्यांनी गमावले, त्याची तेवढीच एक आठवण आता त्यांच्या हातात उरलेली असते.