आकार आणि अडलेली जागा

संगणकात फाइलीचा आकार एक दिसतो आणि तिने अडवलेली जागा निराळी दिसते. यात लबाडी नाही. डिस्कची जागा ठरावीक कप्प्यांनी वाटली जाते. चाकणला एकट्याने खोली घेतली तरी भाडे अख्ख्या खोलीचेच पडते, तसेच हे. पुष्कळ डिस्कांवर कप्पा ४,०९६ बाइटांचा असतो. तेथे शंभर बाइटांची चिठ्ठीही बहुधा तो पुरा अडवते. हजार कामगारांच्या हजेरीच्या अशा हजार चिठ्ठ्या म्हणजे मजकूर एक लाख बाइट, पण अडलेली जागा ४०,९६,००० बाइट! म्हणून ‘डिस्क भरली’ असे कळताच जुनी हजेरी पुसू देऊ नका. चिठ्ठ्या एका फाइलीत जोडल्या, तर पंचवीस कप्पे पुरतात. थकलेल्या पगाराच्या दाव्यात हजेरी हाही कामगाराचा पुरावा असतो.