कॉलेज पाहायला घरचे सगळे चला

मुलीला इंजिनिअरिंगला पाठवायचे तर कॅपचा पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेज पाहून यावे, असे आम्ही शिक्षक पालकांना सांगतो. भायखळ्याचे साबू सिद्दीक घ्या, १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे. सुट्टीच्या दिवशी गेलात तर कुलूपबंद प्रयोगशाळाच दिसतील. जुम्म्याची दुपारही टाळा.

अब्बांनी फीची चौकशी करावी. आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातील ओबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यात ही सवलत नाही. कागदपत्रे तिथेच विचारून घ्या.

दादीलाही न्या, नकार बहुधा तिथूनच येतो! मुलीला मात्र तिथल्या मुलींशी एकटीने बोलू द्या: प्रॅक्टिकल किती वाजता सुटते, स्टेशनपर्यंत सोबत कोण असते. परतीच्या लोकलमध्ये आधी तिचे ऐका.