सण एकाचा, सुट्टी दुसऱ्याची
लेखमाला : परमुलखातली रोजंदारी – लेखांक ५

सिंगापूरच्या सरकारी यादीत २०२५ ची दीपावली २० ऑक्टोबरला होती. तमिळ घरांत त्या पहाटे तेल लावून नाहणं झालं, कार्यालयं बंद राहिली. तिथल्या मराठी घरांत मात्र ती नरकचतुर्दशी. लक्ष्मीपूजन २१ तारखेला, आणि तो कामाचा मंगळवार. दिवाळीची सुट्टी पदरात पडली, तरी पूजेच्या दिवशी कामावर हजर राहणं आलंच. ‘हिंदूंना दिवाळी दिली, विषय मिटला’ असं मालकाला वाटतं, तिथंच घोळ सुरू होतो.

मागच्या भागात करारपत्रातली कलमं पाहिली. त्यातलं सुट्ट्यांचं कलम सहसा दोन ओळींत आटोपतं, पण वर्षभर कुरबुरी त्यावरूनच होतात.

सिंगापूरमध्ये वर्षाला ११ भरपगारी सार्वजनिक सुट्ट्या असतात. पूर्वी त्या जास्त होत्या. १९६८ मध्ये स्पर्धेत टिकायचं म्हणून यादीला कात्री लागली. हिंदूंनी दीपावली ठेवली आणि तैपुसम सोडलं, मुस्लिमांचा पैगंबर जयंतीचा दिवस गेला, ख्रिश्चनांचा ईस्टर मंडे गेला. ही तडजोड नागरिकांमधली होती. इमारतींच्या बांधकामांवर आज घाम गाळणारा बांगलादेशी गवंडी तेव्हा कुणाच्या हिशेबातच नव्हता. चिनी नववर्षाला साइट दोन दिवस बंद राहते आणि तो डॉर्मिटरीत बसून राहतो. १४ एप्रिलला गावी पोहेला बोइशाख (बंगाली नववर्ष) असतो, तेव्हा तो परांचीवर चढलेला असतो.

याला कायद्यातच वाट आहे. मालक आणि कामगार दोघं राजी असतील, तर सार्वजनिक सुट्टी दुसऱ्या कामाच्या दिवसाशी बदलता येते. गवंड्यानं चिनी नववर्षाचा एक दिवस काम करावं आणि बोइशाखाला सुट्टी घ्यावी, एवढं सोपं. पण ही अदलाबदल तोंडी राहिली की बिघडते. सुपरवायझर बदलतो, नवा म्हणतो ‘मला कुणी सांगितलं नाही’, आणि सणाचा दिवस हजेरीपटावर खाडा म्हणून लागतो. सुट्टीच्या लगतच्या आधीच्या किंवा नंतरच्या कामाच्या दिवशी विनापरवानगी, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं, तर त्या सुट्टीचाही पगार बुडतो, हाही तिथला नियम. तेव्हा बदललेली तारीख दोघांच्या सहीनिशी कागदावर हवी आणि ती कामगाराला वाचता येईल अशा भाषेत हवी.

दुसरी अडचण तारखांची. ईद चंद्रावर ठरते आणि एखाद्या दिवसानं पुढंमागं होते. बंगाली नववर्ष बांगलादेशात १४ एप्रिलला, तर पश्चिम बंगालमध्ये बहुधा १५ ला येतं. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन बंगाल्यांची सुट्टीही अशी वेगवेगळी असू शकते. इंटरनेटवरून सणांचं कॅलेंडर उतरवून भिंतीवर लावण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला ‘तुझे दोन महत्त्वाचे दिवस कोणते?’ असं विचारलेलं बरं. शिफ्ट लावणाऱ्यालाही मग आधीपासून अंदाज राहतो.

ऑस्ट्रियात हा प्रश्न थेट कोर्टात गेला. तिथं गुड फ्रायडेची भरपगारी सुट्टी कायद्यानं फक्त चार ख्रिस्ती पंथांच्या सदस्यांना होती. त्या पंथांबाहेरच्या एका कर्मचाऱ्यानं त्या दिवशी काम करून जादा मोबदला मागितला. जानेवारी २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं हा भेदभाव ठरवला. सरकारनं मग ती सुट्टी सर्वांना न देता रद्दच केली आणि प्रत्येकाला वर्षातून एक ‘वैयक्तिक सुट्टी’ निवडायची मुभा दिली. तीन महिने आधी लेखी कळवायचं. दिवस स्वतःच्याच रजेतून कापला जातो, पण मालकाला नाही म्हणता येत नाही. फार तर तो कामावर येण्याची विनंती करू शकतो, आणि कर्मचारी आला तर त्या दिवसाचा दुप्पट पगार मोजावा लागतो. सुट्ट्या वाढल्या नाहीत म्हणून टीका झाली, ती रास्तच. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे : दिवस का हवा, धर्म कोणता, याची चौकशी कुणी करत नाही.

संयुक्त अरब अमिरातींत वेगळी रीत दिसते. रमजानमध्ये रोजचे कामाचे तास दोननं कमी होतात, रोजा धरणाऱ्यांचे आणि न धरणाऱ्यांचेही. सवलत सरसकट असली की ‘याला का, मला का नाही’ हे उरत नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत मात्र यातलं फारसं पोचत नाही. सिंगापूरचा रोजगार कायदा त्यांना लागू नाही, त्यामुळं सार्वजनिक सुट्ट्यांचा हक्कही नाही. महिन्यातून निदान एक सुट्टी पैसे देऊन बुडवता येणार नाही, हा नियम यायला जानेवारी २०२३ उजाडावं लागलं. इंडोनेशियन बाईला ईदेला सुट्टी मिळणार की नाही, हे बहुधा मालकिणीच्या मर्जीवरच.

आपल्याकडं काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीस किंवा अधिक (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी दहा) कामगार असतील, तर वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या द्याव्या लागतात. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. यादी आयती टाइप होऊन आली, तर ‘मिळून’ हा भाग कागदावरच राहतो. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत राबणाऱ्या नेपाळी आचाऱ्याचं उदाहरण घ्या. आपला दसरा एका दिवसात आटोपतो. त्याच्या दशैंत वडीलधाऱ्यांकडून टिळा लावून घेणं दशमीला सुरू होतं, ते कोजागिरीपर्यंत चालतं. गावी पोचायलाच दोन-तीन दिवस लागत असतील, तर त्याला एक सुट्टी देऊन उपयोग नाही. साठवलेल्या रजा एकत्र घेऊ देणं आणि बदली माणूस आधी ठरवून ठेवणं, हीच त्याची खरी सोय. येत्या डिसेंबरात सुट्ट्यांची यादी करणाऱ्यांनी ती नोटीस बोर्डावर लावण्यापूर्वी एक फेरी भटारखान्यात मारावी आणि तिथल्या माणसांना त्यांच्या तारखा विचाराव्यात.